लमझन्याचं विमान

वारलूने आजूबाजूला पाहिलं आणि विमानाच्या पोटात हात घातला. दुपारी लोकेश नाल्यावर आंघोळीला गेला होता. वारलूची मुलगी दिव्यानी बैलांना पाणी दाखवायला गेली होती. गोठ्यात कुणी नव्हतं. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढी डबी होती आणि तिच्यात शेजारी शेजारी खोचलेल्या दोन तारा. एक पंखांची, एक शेपटीची. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. वारलूने दोन्ही उपसल्या, हिची जागा तिला दिली, तिची हिला, आणि झाकण लावून अंगणात येऊन तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला.

बैलांमागे जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळतं. डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला की नांगर सरळ चालत नाही. मग विमान कसं चालेल?

तसं त्याचं विमानाशी वाकडं नव्हतं. लोकेश त्याच्याकडे लमझना म्हणून राहत होता. मुलगी हवी तर लग्नाआधी तिच्या बापाच्या घरी राहून राबायचं, ही गावातली जुनी रीत. आणि गडी मोठा गुणाचा निघाला. नांगर धरायचा, मोहफुलं वेचायचा, बंद पडलेली मोटर उघडून चालू करायचा, होणाऱ्या सासूच्या, रुखमाच्या डोक्यावरचा हंडा न सांगता उतरवून घ्यायचा. लग्न झालं की दोघं धानोऱ्याला वेगळं बिऱ्हाड करणार होती, तिथं लोकेशला मोटरी दुरुस्त करायचं दुकान टाकायचं होतं. असा माणूस हाताने कोण घालवतो? म्हणून दर उन्हाळ्यात वारलूला काहीतरी आडवं यायचं. एकदा पाऊस कमी पडला होता, एकदा चुलत्याची सासू वारली, एकदा तर नुसतंच मन लागत नव्हतं. खरं म्हणजे पोरं गेल्यावर सुनं घर त्याला बघवणार नव्हतं. पण हे बोलायचं कुणाजवळ?

रुखमा तर चारचौघांत त्याला टोचायची. "पोरीचे केस पिकल्यावर लगन लावता का?"

यंदा धान लोंबीवर आलं आणि पोपटांचे थवे उतरले. लोकेशने थर्माकोल कापलं, बांबूच्या कामट्या तासल्या, पार्सलने मोटर मागवली आणि विमान जोडलं. पोपट भ्यावेत म्हणून खालून ससाण्यासारखं रंगवलं. वारलू ते पाहून पोट धरून हसला आणि हसता हसता गावासमोर बोलून गेला, "हे माह्या धानाच्या बांधीवरून फिरून साबूत खाली उतरलं, तर येत्या उन्हाळ्यात लगन! पडलं, तर अजून दोन वर्सं राबाचं."

"चालते, मामाजी," लोकेश लगेच म्हणाला.

जिभेला हाड नसतं. आता ती तारांनी सावरायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव बांधीच्या कडेला धुऱ्यावर जमलं. लोकेश आधीच ठाण्यात सांगून आला होता, कारण या भागात आकाशात काही फिरलं की चौकशी होते. त्याने सगळ्यांना आपल्या मागे उभं केलं. चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोललं. आधी हातातला रिमोट सुरू केला, मग विमानाची बॅटरी जोडली. वारलू मनात म्हणाला, कर बापा, कर किती नखरे करतोस ते.

"उडवाच्या आधी एकडाव तपासून घेतो," लोकेश म्हणाला.

वारलूला ठसका लागला. तपासायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! आता गावासमोर चोरी उघडी पडणार. लोकेशने रिमोटची दांडी उजवीकडे केली. पंखांच्या पट्ट्या हलल्या. दांडी मागे ओढली. शेपटीची पट्टी वर झाली.

"बराबर आहे," लोकेश म्हणाला.

बरोबर? वारलूने डोळे चोळले. दिव्यानीने फिरत्या पात्यापासून बोटं लांब ठेवत विमान उचललं आणि वाऱ्याच्या तोंडावर सोडून दिलं. ते जरा खाली बसलं, वारलूच्या जिवात जीव आला, आणि मग ते जे वर गेलं ते गेलंच. उजवीकडे वळवलं की उजवीकडे, डावीकडे वळवलं की डावीकडे. पोपटांनी एकच कलकलाट केला आणि सगळे जंगलाकडे पळाले. लोकेशने दोन फेऱ्या मारल्या आणि लवकर येणाऱ्या हलक्या धानाच्या कापलेल्या बांधीत विमान अलगद टेकवलं. एक कामटीसुद्धा मोडली नाही.

"वारलूभाऊ, आता शबद पाळा!" धुऱ्यावरून कुणीतरी ओरडलं.

दिव्यानी बापाकडे बघत होती. इतकं हसताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. "पाळतो ना बापा," तो म्हणाला, "येत्या उन्हाळ्यात." लोकेश पाया पडला, तेव्हा वारलूला आनंदही झाला आणि रडूही आलं.

घरी जाताना रुखमा सोबत होती. आज तिने नवऱ्याला टोमणा मारायला हवा होता, पण ती मान खाली घालून चालत होती. शेवटी वारलूलाच राहवलं नाही. त्याने मागेपुढे पाहून आवाज खाली आणला.

"कोणाले सांगू नको. काल दुपारी मी त्या दोन तारा अदलाबदल करून ठेवल्या होत्या. तरी कसं उडलं वो ते?"

रुखमा जागच्या जागी थांबली. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, तुमी काऊन हात लावला? मी काल सकाळीच बदलल्या होत्या ना!"