पायाकडचा बर्फ

मे महिन्याच्या भर दुपारी, करूळच्या घाटात पिकअप धापा टाकत पुन्हा थांबली. मागे हौद्यात बर्फाच्या लाद्यांमध्ये माझ्या वडिलांचा, अण्णांचा देह होता. त्यांना गावी पोचवायचं होतं. बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ठिबकत होतं.

मी बॉनेट उघडलं. गाडी वाघासारखी गुरगुरावी म्हणून मीच हौसेनं एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा फिल्टर बसवला होता. तीस वर्षं ट्रक चालवलेले अण्णा तेव्हाच करवादले होते, "डबा बाहेरची गार हवा घेतो. तुझं हे सोंग इंजिनाचीच गरम हवा ओढणार. उन्हाळ्यात चढणीला रडशील!"

रडतच होतो.

"काय केल्यानं चढेल रे?" अण्णांच्या उशाशी बसलेल्या आईनं विचारलं.

"फिल्टर गार करायला हवा. पण इथं गार काय..." मी जीभ चावली.

आईनं रिकामी पिशवी पुढे केली. "पायाकडचा घे. त्यांनी कधी गाडी घाटात सोडली नाही."

बर्फ भरलेली पिशवी मी फिल्टरला बांधली. गाडी दोन वळणं चढली.

तिसऱ्या वळणावर ती पुन्हा थांबली. मी काही बोलायच्या आत, आईनं अण्णांच्या छातीवरचा बर्फ उचलला.