शेवाळातली पावलं

क्योतोच्या या शेवाळबागेत मी आणि तोयोनोबाई तण काढतो.

माझा नवरा तळ्यात बुडाला, तेव्हापासून तळ्याच्या काठावर नखाएवढ्या छत्र्यांचं तण उगवतं. या तणात नर-मादी वेगळे असतात: चपटी छत्री नराची, बोटांसारखी फाकलेली मादीची. इथल्या सगळ्या चपट्या, म्हणजे नर. उगवलेल्या ठिगळाचा आकार पुरुषाच्या पावलाचा. कितीही उपटा, दरवर्षी एक पाऊल पुढेच.

"सावाए, नवरोबा निघाले गं घरी!" तोयोनोबाई मला चिडवतात.

"जिवंतपणी कधी वेळेवर आले नाहीत," मी म्हणते.

आज पाऊल आमच्या खोपीच्या पायरीशी पोचलं होतं. जेवून उठले, चपला उचलल्या. खाली बोटं पसरलेल्या माद्या उगवल्या होत्या. दोन पावलं, माझ्याच मापाची, तळ्याकडे तोंड करून.

पाणी उडालं, की नराचं बीज मादीपर्यंत पोचतं.

"सुकलंय गं सगळं," म्हणत तोयोनोबाईंनी मागून त्या पावलांवर झारी कलती केली.