अळणी घाम

त्या भागातला उन्हाळा म्हणजे नुसता चिकचिकाट. वाऱ्याचं नाव नाही, सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी ओलाच. त्यामुळे परगावाहून परतलेला नवरा घामानं निथळतोय, याचं कुणाला काहीच वाटलं नाही.

खटकलं ते त्याच्या बायकोला. तिचं थंड पेयांचं दुकान होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून जमणारे थेंब ती दिवसभर पुसायची. त्याच्या मानेवरचे थेंब अगदी तसेच दिसत होते.

"अहो, किती हा घाम!" म्हणत तिनं मागून त्याची मान पुसली. मान गारढोण होती. त्याच्या नकळत तिनं ओलं बोट जिभेला लावलं.

घामाला मिठाची चवच नव्हती.

"काय गं, थांबलीस का?"

"कुठं काय!"

उकाड्यानं रात्रंदिवस किरकिरणारी त्यांची लेक त्याच्या मांडीवर कधी नव्हे ती गाढ झोपली होती. ती लेकीला उचलायला वाकली.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "माझ्याजवळ तिला गार वाटतं."

लेकीच्या कपाळावरही थेंब जमले होते. तिनं एक टिपला, जिभेला लावला.

खारट होता. अजून तरी, थोडासा.