कोण ओरडलं?

ठाण्याहून दवाखान्याच्या तपासणीला मॅडम येणार म्हटल्यावर पुष्पलता सिस्टरनं सकाळपासून काशीच्या खाटेभोवती नुसता पिंगा घातला होता. धुतलेली चादर काय, गरम पाणी काय, "जेवलीस का गं बाय?" काय. काशीला बिचारीला कळेना, आपलं एवढं कौतुक कशासाठी. साखरशेतची मजुरीवर जाणारी बाई, पहिलटकरीण, काल दुपारी मोकळी झाली होती. पोरगी अंगावर पीत होती.

कौतुक कशासाठी ते पुष्पलताला पक्कं ठाऊक होतं. काल कळा सोसवेनात म्हणून काशी ओरडायला लागली, तेव्हा हिनंच तिच्या मांडीवर सणसणीत चापट्या ओढल्या होत्या. वर तोंड सुटलं ते वेगळंच. "नवऱ्याजवळ निजताना बरी नाही ओरडलीस? गप पड आता." दाराबाहेर काशीचा सासरा बसलेला. त्यानं ऐकलंच असणार. आज सकाळी कपडा बदलताना मांडीवर बोटं उमटलेली दिसली आणि पुष्पलतानं घाईघाईनं लुगडं खाली ओढलं.

तसं म्हटलं तर ती काही वाईट बाई नव्हे. इथलीच, या डोंगरातली. पण मागे एका पेशंटनं तक्रार केली होती आणि साहेबांनी बजावून ठेवलं होतं की आणखी एक आली तर बदली, तीही लांब. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिला कोणाच्या भरवशावर टाकून जाणार?

मॅडमचं नाव हर्षदा. वयानं लहान, बोलायला गोड, हातात टॅब. काशीच्या खाटेवर टेकली, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि विचारायला लागली. जेवण मिळतं का? मिळतं. पाणी येतं का? येतं. गाडी वेळेवर आली होती का? आली होती. पुष्पलता उगाचच सलाईनचं स्टँड पुसत तिथं रेंगाळली होती.

"प्रसूतीच्या वेळी तुम्हाला काही अपमानास्पद वागणूक मिळाली का?"

काशी बघतच राहिली. यातलं काही तिच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ.

"म्हणजे असं," मॅडमनं सोपं केलं, "आत, लेबर रूममध्ये, कोणी ओरडलं का? घाबरू नका. खरं सांगा."

काशीनं मान खाली घातली. मग हळूच सिस्टरकडे बघितलं. पुष्पलताचं फडकं जागीच थांबलं. झालं, आता ही सगळं सांगणार.

"वरडली," काशी म्हणाली.

"कोण ओरडलं?"

"मीच." काशीनं पदर पुढं ओढला. "लय वरडली मी. पयलीच खेप, माना ठावं नव्हतं. मंग बाईंनी गप केली."

मॅडमला हसू आलं. "अहो, त्यात काय. बाळंतपणात सगळ्याच ओरडतात."

"नाय. चुकलीच मी." काशी आता पुष्पलताशीच बोलत होती. "सासरा भायेर होता. तुमाला पन किती तरास झाला, बाई. पुढल्या खेपंला नाय वरडनार."

तिची गफलत कुठं झाली ते पुष्पलताला तत्क्षणी कळलं. एका वाक्याचं काम होतं. अगं, तू ओरडलीस का असं नाही, तुझ्यावर कोणी ओरडलं का, असं विचारतायत. पण ते वाक्य तिनं गिळून टाकलं. वर हसलीसुद्धा. मॅडमनं टॅबवर बोट टेकवलं. पुढचा प्रश्न मारहाणीचा होता, तो तिनं विचारलाच नाही. जिथं पेशंटच सिस्टरची माफी मागतेय, तिथं कोण कोणाला मारायला बसलंय!

"छान सांभाळलाय हं वॉर्ड, सिस्टर," असं म्हणून मॅडम गेली.

सुटलो बाबा, असं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज. काशीकडे बघवेना. हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुष्पलताच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात पोशेऱ्याहून गाडी आली. हिरी नावाची बाई, पाणमोट फुटलेली, तिला तशीच लेबर रूममध्ये नेऊन टेबलावर घेतलं. पुष्पलता हातमोजे आणायला गेली. परत येताना पाहते तो काशी लेबर रूमच्या दारातून बाहेर पडत होती, भिंतीला धरून धरून.

"तू कशाला उठलीस गं? आत काय काम होतं?"

"तिला सांगून आली," काशी समजूतदारपणे म्हणाली. "नवीन हाय ती."

पुष्पलता आत गेली. हिरीला कळ आली होती, सांगायला नको. पाय लटलटत होते, मानेच्या शिरा ताणलेल्या. तोंडातून मात्र आवाज नाही. लुगड्याचा पदर तिनं गोळा करून तोंडात कोंबला होता.

पुष्पलतानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "काढ तो पदर, बाय. ओरड. ओरडलीस तरी चालेल."

हिरीनं भेदरून तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी पदर आणखी आत दाबला.