दोरीचा हिसका

दोरीच्या चाळिसाव्या हिसक्याला भात कापायचं मशीन एकदा खोकलं आणि पुन्हा गप्प झालं. विक्रमनं त्याला अशी शिवी हासडली की बांधावर बसलेल्या मनुबाईनं, त्याच्या आईनं, मान खाली घातली.

समोर एकरभर भात पिकून आडवं व्हायला आलं होतं. खानापूरच्या जंगलाला लागूनच हे रान. काल रात्री गव्यांचा कळप शेजारच्या भरमूच्या शेतात उतरला होता आणि सकाळी तिथं नुसता चिखल आणि बुडखे उरले होते. कळप आज इकडं वळणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. आजच्या आज भात कापून घरामागच्या खळ्यावर आणलं, तरच वर्षाचं धान्य हाताला लागणार होतं. विक्रमला कंपनीतून रजा मिळाली होती ती एकाच दिवसाची, आणि दहा तर वाजून गेले होते.

त्यानं प्लग काढला, पुसला, परत बसवला. चोक ओढला, चोक सोडला. पेट्रोल चढावं म्हणून खालचा रबरी फुगा दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. उद्यमबागेतल्या कंपनीत तो फिटर होता. खोलीएवढी मशिनं त्याच्या हाताखाली मुकाट चालायची, आणि खांद्याला अडकवायचं हे एवढंसं यंत्र त्याला आईसमोर तोंडघशी पाडत होतं.

तसा मशीनचा काही दोष नव्हता. पावसाळ्यात बांधावरचं गवत त्यानं सरसर कापलं होतं. पण खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजायची, म्हणून विक्रमनं ते गाड्या धुवायच्या सेंटरवर नेलं आणि जोराच्या पाण्याखाली धरून चकचकीत करून आणलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पेट्रोलसकट महिनाभर कोपऱ्यात उभं केलं. पाणी जिथं जायला नको तिथं गेलं होतं. हे आता त्याच्याही ध्यानात आलं होतं, आणि म्हणूनच तो मशीन विकणाऱ्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होता.

दुकानदाराला शिव्या देऊन झाल्यावर त्याची नजर आईवर गेली. ती एका हातानं कंबर दाबत सारखी गावाकडनं येणाऱ्या पाणंदीकडं बघत होती.

"तिकडं काय बघतीस? आणि तुझी कंबर कशानं दुखायलीय? यंदाच्या सुगीत घरात बसूनच हाईस की."

मनुबाई पुन्हा पाणंदीकडंच बघायला लागली. त्यानं त्याला आणखीच चेव आला.

घरात बसायला तिला त्यानंच सांगितलं होतं. त्यांच्या गावात भात कापायला पैरा असायचा. बारा घरच्या बारा बायका आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. ज्या घरचा हात आपल्या रानात लागला, त्या घरी आपणही एक दिवस जायचं. मनुबाईनं तीस वर्षं हा पैरा पाळला. यंदा मशीन आलं, आणि सुगीच्या तोंडावर विक्रमनं पैऱ्याची पुढारीण नागुबाई हिच्या दारात जाऊन सगळ्या बायकांसमोर सुनावलं, "आमच्या घरचं कुणी येणार न्हाय आता. आमाला तुमची गरज न्हाय." कंपनीत कामाला असलेल्या माणसाच्या आईनं दुसऱ्याच्या शेतात वाकायचं, याची त्याला लाज वाटायची.

आता त्याच बायकांना बोलवायला तोंड उरलं नव्हतं. हे कळत होतं, आणि कळत होतं म्हणून डोकं जास्त तापत होतं. त्यानं पाय रोवले, दात आवळले आणि सगळा राग दोरीत ओतला. दोरी तुटली. विक्रम बुडावर आपटला, मूठ हातात, मशीन तसंच मुकं. तो उठला आणि दोन्ही हातांनी मशीन उचलून बांधापलीकडं भिरकावलं.

"विळा दे," तो आईला म्हणाला. एका विळ्यानं एकर निघत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात पाणंदीतून बायका आल्या. पुढं नागुबाई, मागं दहाजणी. तमाशा बघायला आल्या असतील, असं वाटून विक्रमचे कान तापले. पण बायका थांबल्या नाहीत. त्यांनी पदर खोचले, विळे काढले आणि भाताच्या कडेला ओळ धरली. मनुबाई विक्रमकडं न बघता बांधावरनं उतरली आणि ओळीच्या टोकाला जाऊन वाकली.

विक्रमच्या अंगाचा तिळपापड झाला. तो नागुबाईच्या आडवा उभा राहिला.

"थांबा, मावशी. आमच्या घरचं माणूस यंदा तुमच्याकडं एक दिस आलं न्हाय. उपकार नकोत आमाला. गव्यांनी खाल्लं तर खाऊ दे."

नागुबाईनं अंगठ्यानं विळ्याची धार बघितली. तिचा आवाज चढला नाही, पण रागाला तीही आली होती.

"उपकार कसला रं? तू सकाळची बस धरलीस की तुझी आई आमच्याकडं यायची, आणि तू परतायच्या आत घरात जाऊन बसायची. आमची अकरा घरं, अकरा दिस. आमी पैरा फेडायला आलोय. सरक बाजूला."