तळ्यावरचा पाहुणा

दुर्बीण पाण्याकडे होती की घराकडे, हेच शत्रुघ्न राऊतांना कळेना.

केळीच्या वाडीला लागून असलेल्या तळ्याच्या बांधावर तो माणूस सकाळीच येऊन उभा राहिला होता. चष्मा, खाकी अर्धी विजार, पायांत कॅनव्हासचे बूट. राऊतांनी हटकलं तर हसून म्हणाला, "मुंबईहून आलोय, काका. जयराम माझं नाव. पावसाळा सरला की उत्तरेकडची बदकं उतरतात, ती बघायला."

बदकं बघायला मुंबईहून गिरीजला? राऊतांच्या मनात पाल चुकचुकली. मुंबईचा कुणी मास्तर सावित्रीच्या मनात भरलाय, एवढं त्यांच्या कानांवर आलं होतं. नाव कळलं नव्हतं, तोंड पाहिलं नव्हतं. तुळशीचं लग्न लागलं की केळव्याच्या स्थळाशी तुझं उरकायचं, असं त्यांनी पोरीला बजावून ठेवलं होतं. तोवर काही मुहूर्त नव्हता, म्हणून ते निर्धास्त होते. आणि आता हा दुर्बीणवाला!

ते तडक घरात गेले. "सावित्री, शेजारच्या आग्नेसबाईंची गाडी आगाशीला निघालीय. तिच्यात बस आणि मामीकडे जा. दिवेलागणीपर्यंत इकडे फिरकू नकोस."

एरवी शब्दाला शब्द देणारी पोर नुसतं "बरं, बाबा" म्हणाली आणि उठली. गाडी वळणाआड जाईपर्यंत राऊत दारात उभे राहिले. मग कोयता कमरेला खोचून पुन्हा बांधावर आले. आज या गृहस्थाला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

"तो कोण?" त्यांनी मुद्दाम पाण्याकडे बोट केलं.

"टिबुकली. बघा, आता बुडी मारेल."

पाखरू बुडालं. राऊत चरफडले. माणूस तयारी करून आला होता.

"मास्तर आहात का?"

"नाही. छापखान्यात असतो."

"लग्न?"

"झालंय. दोन मुली आहेत."

साफ खोटं, राऊत मनात म्हणाले. दुर्बीण आता आगाशीच्या रस्त्याकडे वळली होती.

"तिकडे काय आहे?"

"भोवत्या. ससाण्यासारखा असतो. गेला वाटतं." जयरामने दुर्बीण खाली घेतली.

राऊतांनी आभाळ निरखलं. त्यांना तर काहीच दिसलं नाही. मग त्यांनी डोकं चालवलं. "पाहुणे, इथं कसली बदकं? पलीकडच्या लव्हाळ्यात चला. जांभळ्या पाणकोंबड्या दाखवतो."

जयराम लगेच तयार झाला. चिखल तुडवत दोघे लांबच्या काठाला गेले. तिथून ना घर दिसत होतं, ना रस्ता. राऊतांना जरा हायसं वाटलं.

दुपारी राऊतांची बायको रुक्मिणीबाई स्वतः डबा घेऊन आल्या. भाकरी, सुकटीची चटणी, वर तांदळाची खीर.

"खीर? आज काय आहे?" राऊतांनी विचारलं.

"पाहुणे आहेत ना, अहो." त्यांचे डोळे लाल झाले होते. "चूल आज फार धुरावली," म्हणून त्या पदराने तोंड पुसत माघारी गेल्या.

जेवून झाल्यावर जयरामने घड्याळ पाहिलं आणि डोळे मिटून उभा राहिला.

"ऊन लागलं का?"

"नाही. थवा उतरतोय. ऐका."

खरंच, पंखांचा सळसळाट करत बदकं पाण्यावर उतरली. टोकदार शेपट्यांची, लांब मानेची. जयरामने दुर्बीण राऊतांच्या हातात दिली. जन्मभर ज्या तळ्याचं पाणी वाडीला दिलं, त्यावर असले पाहुणे येतात हे राऊतांनी कधी पाहिलंच नव्हतं. बराच वेळ त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मग एकदम भानावर येऊन त्यांनी मागे पाहिलं. जयराम होता तिथंच होता.

ऊन कललं. दिवसभरात ना त्याने घराचा विषय काढला, ना सावित्रीचा. राऊतांना वाटलं, आपण राखणीला बसलो म्हणून याचा डाव फसला. जिंकल्याच्या आनंदात ते मऊ झाले. निघताना जयराम वाकून पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हातही ठेवला.

"उद्या येताय का?"

"नाही, काका. खरं तर आजही इथं यायचं नव्हतं. धाकट्या भावाचं लग्न होतं आज, इथं जवळच विरारला."

"आता? तुळशीच्या लग्नाआधी?"

"आर्यसमाजी पद्धतीनं लागलं. दुपारी."

"आणि सख्ख्या भावाच्या लग्नाला तुम्ही गेला नाहीत?"

जयरामने दुर्बीण तिच्या कातडी पिशवीत घातली, बंद लावला.

"दिवसभर तुमच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं ना, काका."