पेढे वाटले त्या दिवशी

अमेरिकेनं आपल्या मालावरचं टॅरिफ उतरवल्याची बातमी आली आणि कागलच्या फाउंड्रीत मालक उदयसिंह स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरू लागले. टॅरिफ वाढलं तेव्हा ह्याच मालकांनी डोळ्यांत पाणी आणून काही बायकांना घरी बसवलं होतं. "टॅरिफ उतरू द्या, सगळ्यात आधी तुम्हालाच बोलावतो," म्हणाले होते. तो शब्द खरा धरून कामावर राहिलेली प्रीती घरी बसवलेल्या मीनाबाईला रोज धीर द्यायची आणि तिची जागा जाऊ नये म्हणून दोघींच्या वाटणीचे लोखंडी भाग एकटीच घासायची.

पेढा हातात पडताच तिनं विचारलं, "साहेब, मग मीनाबाईला उद्यापास्नं ये म्हणू न्हवं?"

"कशाला?"

"तुमीच म्हणला हुतासा की."

"अगं, करार दोन देशांत झालाय. तुझा-माझा कुठं झालाय?" उदयसिंह खदखदून हसले, तसे आजूबाजूचेही हसले. "आणि तिच्यावाचून काय अडलंय? तू एकटी करतीयस की दोघींचं!"

मीनाबाईची जागा आपल्याच राबण्यानं गेली, हे प्रीतीला तेव्हा कळलं. क्षणभर तिला स्वतःचीच चीड आली. मग तिनं मालकांकडं नीट बघितलं, आणि ती चीड जाऊन नुसती किळस उरली. तिनं पेढा बॉक्समध्ये परत टाकला. मीनाबाईच्या वाटणीच्या मालाचं जड घमेलं ओढत आणून त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांपाशी ठेवलं.

"हे तुमी घासा," ती म्हणाली. "पेढे वाटून झालं की."